गे रग्बी संघातलं पहिलं वर्ष : दोस्ती, प्रेम आणि मधलं सगळं

दर सप्टेंबरात विमानं भरभरून मराठी पोरं इंग्लंडात शिकायला येतात. ऑक्टोबर लागला की त्यातला एखादा मंगळवारी संध्याकाळी आमच्या मैदानाच्या कुंपणाशी येऊन उभा राहतो. पिशवीत नवे बूट, किमतीची चिठ्ठी अजून लोंबतेय. आत जावं की न जावं ठरत नाही, म्हणून मोबाइल काढून त्यात उगाच डोकं घालतो. मला हे लांबून ओळखू येतं, कारण बारा वर्षांपूर्वी मी तिथेच उभा होतो. पहिल्या मंगळवारी तसाच परत फिरलो, बस पकडली, खोलीवर येऊन मॅगी केली आणि झोपलो. दुसऱ्या मंगळवारी आमचा हुकर, म्हणजे पुढच्या रांगेत मधोमध खेळणारा गडी, उशिरा आला, जाता जाता त्याने चेंडूंची जाळी माझ्या हातात कोंबली आणि म्हणाला, "हे आत घेऊन ये." घेऊन गेलो. तेव्हापासून आत आहे.

हे सगळं त्या कुंपणापाशी थांबलेल्यासाठी लिहितोय. मैदानात अहो-जाहो चालत नाही, म्हणून इथेही 'तू'.

आधी संघ कसला असतो ते समजून घे

गे रग्बी म्हटलं की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर एकतर पार्टी येते नाहीतर चेष्टा. प्रत्यक्षात हा चारचौघांसारखा हौशी क्लब असतो. वर्गणी थकवणारे असतात, सरावाला दांडी मारून सामन्याला हक्काने येणारे असतात, आणि मळक्या जर्सींची पोतडी या आठवड्यात कोण घरी नेणार यावरून दर शनिवारी वाद असतो.

लंडनच्या किंग्ज क्रॉस भागातल्या एका पबमध्ये काही जण १९९५ साली जमले आणि त्यांनी किंग्ज क्रॉस स्टीलर्स हा क्लब काढला. समलिंगी पुरुषांसाठी उघडपणे निघालेला जगातला पहिला रग्बी क्लब तो. १९९८ मध्ये मँचेस्टरला व्हिलेज स्पार्टन्स आला. नंतर एडिनबरा, कार्डिफ, ब्रिस्टल, बर्मिंगहॅम असं करत आता बऱ्याच मोठ्या शहरांत एखादा सापडतो. या क्लबांची जागतिक स्पर्धा दर दोन वर्षांनी होते, बिंगहॅम कप. मार्क बिंगहॅम हा सॅन फ्रान्सिस्कोच्या 'फॉग' या गे संघाचा खेळाडू. ११ सप्टेंबर २००१ ला अपहरण झालेल्या युनायटेड ९३ या विमानात तो होता, आणि अपहरणकर्त्यांवर धावून गेलेल्या प्रवाशांमध्ये त्याचं नाव घेतलं जातं. विमान पेनसिल्व्हेनियातल्या शेतजमिनीवर कोसळलं, कोणीच वाचलं नाही. पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्या नावाने पहिली स्पर्धा भरली.

एक गैरसमज लगेच काढून टाकतो. हे संघ फक्त आपापसात खेळत नाहीत. दर शनिवारी आम्ही लीगमध्ये गावोगावच्या नेहमीच्या क्लबांशीच भिडतो. आमच्याकडे स्ट्रेट पोरंही खेळतात, कोणाचा भाऊ म्हणून आला, कोणाचा ऑफिसातला मित्र म्हणून आला आणि राहिला. तू गे आहेस का, हे दारात कोणी विचारत नाही. सांगायचं नसेल तर वर्षभर सांगू नकोस, काही बिघडत नाही.

रग्बी झेपेल असं वाटत नसेल आणि क्रिकेटच हवं असेल, तर लंडनमध्ये १९९६ पासून ग्रेसेस नावाचा गे क्रिकेट क्लब आहे, नाव अर्थात डब्ल्यू. जी. ग्रेसवरून. पुढे जे सांगतोय ते तिथेही लागू पडेल. चिखल तेवढा वजा कर.

पहिला मंगळवार

क्लबला आधी एक मेसेज टाक. 'कधीच खेळलो नाही, आलो तर चालेल का?' एवढं बास. बऱ्याच क्लबांमध्ये अगदी कोऱ्या माणसांसाठी काही आठवड्यांचा वेगळा वर्ग असतो, तो केव्हा सुरू होतो ते विचार.

सामान फार लागत नाही. जुनी हाफ पँट चालेल, फक्त तिला चेन किंवा बक्कल नको, समोरच्याला ओरखडतं. बूट घेताना मैदान गवताचं की कृत्रिम हे विचारून घे. बऱ्याच कृत्रिम मैदानांवर धातूच्या खिळ्यांचे बूट चालत नाहीत. दातांचं कवच खेळाच्या दुकानात मिळतं, गरम पाण्यात बुडवून चावलं की आपल्या दातांचा आकार घेतं. हे विकत घेतल्याशिवाय टॅकलला, म्हणजे पळत येणाऱ्याला धरून पाडायला, उभा राहू नकोस, दंतवैद्य इथे महाग आहेत. आणि हातातला गंडा, अंगठी, कानातली बाळी, गळ्यातला गोफ, सगळं काढून खोलीवरच ठेव. दागिने घालून खेळायला नियमातच मनाई आहे. आईने बांधलेला धागा काढताना मला जरा कसंतरी झालं होतं. दातांच्या कवचाच्या डबीत ठेवला, अजून तिथेच आहे.

आपल्याकडे कबड्डी खेळून आलेल्यांना एक फायदा असतो, तो कोणी सांगत नाही. मी कऱ्हाडकडचा, डावा कोपरा सांभाळायचो. इथे नवी मुलं टॅकलला घाबरतात, कारण समोरून शंभर किलोंचं धूड पळत येतं. आपल्याला त्याचं काय! चढाईला आलेल्याचे पाय कसे बघायचे आणि खालून कसं शिरायचं हे अंगात भिनलेलं असतं. त्यात २०२३ पासून इंग्लंडच्या हौशी रग्बीत टॅकल छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापाशी किंवा त्याखालीच करायचा, असा नियम झाला. म्हणजे कंबर आणि मांडी. म्हणजे आपलं घरचंच अंगण.

पण एक खोड मोडावी लागते. कबड्डीत एकदा घोटा सापडला की चढाईपटूचा दम संपेपर्यंत सोडायचा नाही. इथे माणूस जमिनीवर आला की टॅकल करणाऱ्याने त्याला तत्क्षणी सोडायचं. पहिले दोन महिने माझ्यावर याच एका गोष्टीसाठी शिट्ट्या वाजत होत्या. मी गडी आडवा करायचो आणि मिठी मारून पडून राहायचो. कोच लांबून ओरडायचा, सगळे हसायचे. गे संघात अशी मिठी मारून पडून राहिलास तर त्यावर काय काय विनोद होतात ते तूच ऐक.

चेंजिंग रूम

खरी भीती बहुतेकांना इथली असते, टॅकलची नसते. वसतिगृहात टॉवेल गुंडाळून चड्डी बदलण्याची कला शिकून आलेली आपली पिढी. इथे वीस जण उघड्या शॉवरखाली उभे राहून ऑफसाइडवर वाद घालत असतात.

तुला जमत नसेल तर आंघोळ घरी जाऊन कर, किंवा टॉवेल गुंडाळ. कोणी काही म्हणत नाही. नजरेचा नियम साधा आहे: बोलताना तोंडाकडे बघायचं. मोबाइल बाहेर काढायचाच नाही, कितीही महत्त्वाचा फोन असो. आणि हे लिहून ठेव, त्या खोलीत उत्तेजक असं काहीही नसतं. ओले मोजे, वेदनाशामक मलमाचा वास, कोणाच्या तरी गुडघ्यातून रक्त, आणि बाकावर अर्धवट खाल्लेलं केळं. दोन-तीन आठवड्यांत तुला स्वतःचीच गंमत वाटेल.

शरीराची लाज हा वेगळा विषय. डेटिंगच्या ॲपवर फोटो टाकून टाकून आपल्या डोक्यात बसलेलं असतं की गे पुरुषाला पोट असता कामा नये. रग्बीत पोट ही जागा मिळवायची गोष्ट आहे. मी प्रॉप, म्हणजे हुकरच्या बाजूला खेळणारा गडी, झालो तो पोटाच्या जोरावर. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्हीकडचे आठ-आठ जण वाकून एकमेकांना रेटतात तेव्हा, समोरचे आठ जण ढकलत असताना तुझ्या बाजूच्या हुकरला तुझं वजन हवं असतं. मी तिशी ओलांडेपर्यंत आरशात सरळ बघत नव्हतो. स्क्रमने बघायची सवय लावली, आणि तीही कोणाच्या उपदेशाशिवाय.

चेष्टामस्करी मात्र भरपूर असते, आणि बरीचशी कमरेखालची. हसायचं तर हस. पण एखाद्याचा हात किंवा शब्द तुला खटकला, तर 'संघात असं चालतंच' हे उत्तर ऐकून घेऊ नकोस. क्लबमध्ये खेळाडूंच्या सुरक्षिततेची जबाबदारी दिलेला एक माणूस असतो, त्याचं नाव पहिल्या महिन्यातच विचारून ठेव. रंगावरून, उच्चारावरून बोललेलंही त्यालाच सांगायचं. गे माणूस वर्णद्वेषी नसतो असं नाही. मला एका जुन्या खेळाडूने पहिल्या वर्षी काय नावाने हाक मारली होती ते इथे लिहीत नाही. कप्तानाला सांगितलं, त्याने त्या माणसाला बाजूला घेतलं, हाक थांबली. तो आजही माझा दोस्त नाही, पण पास व्यवस्थित देतो.

मैत्री कशी होते

सरळ सांगतो: कामं केल्याने. बारमध्ये कोपऱ्यात उभं राहून कोणीतरी येऊन बोलेल याची वाट बघितलीस तर मार्च उजाडेल. जर्सींची पोतडी घरी ने. सामन्याच्या दिवशी खेळायला मिळालं नाही तर झेंडा घेऊन रेषेवर उभा राहा. पाण्याच्या बाटल्या भर. ज्याच्याकडे गाडी आहे त्याला बाहेरगावच्या सामन्याला जाताना सोबत कर. दीड तास जायचं, दीड तास यायचं, आणि मोटारवेवर पुरुष अशा गोष्टी बोलतात ज्या समोरासमोर बसून बोलत नाहीत. दोघांचीही नजर रस्त्यावर असते ना.

सामना संपला की यजमान क्लब दोन्ही संघांना जेवायला घालतो, याला इथे तिसरा हाफ म्हणतात. जेवण म्हणजे बऱ्याचदा सॉसेज आणि चिप्स. शाकाहारी असशील तर आधी कळव, नाहीतर चिप्सवर दिवस काढशील. दारू पिणं सक्तीचं नाही. पहिल्या वर्षी मला वाटायचं की ग्लास हातात नसला तर आपण बाहेरचे ठरू. आमच्यात दोन जण अजिबात पीत नाहीत, एक जण सोडून सात वर्षं झालेला. लिंबू-सोडा घे आणि बस. दिवाळीत चिवड्याचा डबा घेऊन जा. माझा डबा पहिल्या वर्षी संपायला चार मिनिटं लागली आणि त्यानंतर दर ऑक्टोबरात आमचा फुलबॅक तारीख विचारतो.

मैत्री म्हणजे नक्की काय हे मला ज्या रात्री कळलं ती सांगतो. तिसऱ्या हंगामात माझं डोकं एकाच्या गुडघ्यावर आपटलं. शुद्ध गेली नाही, पण स्कोअर विचारला तर मला सांगता येईना. मैदानाबाहेर काढलं. इथला नियम कडक आहे: डोक्याला मार लागल्याची शंका आली तरी बाहेर, आणि पुढचे एकवीस दिवस सामना नाही. पहिल्या रात्री माणसाला एकटं सोडायचं नसतं. मी एकटा राहत होतो. कोणी चर्चा केली नाही. हुकरने, म्हणजे त्याच चेंडूंच्या जाळीवाल्याने, माझी पिशवी उचलली आणि माझ्या घरी आला. पन्नाशीतला वेल्श माणूस, नळजोडणीची कामं करतो, घोरतो भयंकर. सोफ्यावर पाय बाहेर काढून झोपला.

सकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला, आणि मी तो सवयीने उचलला. मागे उघडाबंब हुकर चहाचा कप शोधत फिरतोय. आई गप्प. मग म्हणाली, "कोण रे तो?" मी म्हणालो, "संघातला मित्र. मला लागलंय, म्हणून रात्री थांबला." आईने दोन सेकंद विचार केला आणि म्हणाली, "मग त्याला काहीतरी खायला दे की. नुसता चहा काय?" मी पोहे केले. डोकं ठणकत होतं, मोहरी करपली, त्याने दोनदा घेतले. त्या वेळी आईला माझ्याबद्दल काही ठाऊक नव्हतं. पण ती आजही फोनवर आधी 'तो पोहेवाला कसा आहे' हे विचारते.

असा एक माणूस मिळेपर्यंत प्रेमाच्या मागे लागू नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे. पटलं नाही तरी पुढचं वाच.

कोणी आवडायला लागलं तर

लागणारच. तू अशा गावातून आलास जिथे गे माणूस तुला एकतर ॲपवर भेटला, नुसतं धड, चेहरा नाही, नाहीतर भेटलाच नाही. इथे अचानक तीस-चाळीस हाडामासाचे पुरुष, हसणारे, खांद्यावर हात टाकणारे. सराव संपल्यावर अंग गरम, श्वास फुललेला, आणि कोणीतरी म्हणतं, 'मस्त टॅकल!' त्या क्षणी जे वाटतं त्याला प्रेम समजणं सोपं आहे. मी पहिल्या सहा महिन्यांत तीन जणांच्या प्रेमात पडलो. त्यातल्या एकाला बायको होती.

म्हणून थांब. मी नव्या मुलांना म्हणतो, बुधवारी दुपारी, ऑफिसात किंवा लायब्ररीत, अंग दुखत असताना तो आठवतो का बघ. असं सहा आठवडे झालं तर विचार कर.

विचारायचं असेल तर मैदानाबाहेर विचार. चेंजिंग रूममध्ये नको, टूरच्या बसमध्ये नको, आणि तीन ग्लासांनंतर तर नकोच. त्याला निघून जाता आलं पाहिजे, ही एकच अट. 'रविवारी कॉफीला येशील? संघाचं काम नाही, तू आवडतोस म्हणून विचारतोय.' इतकं सरळ. आपल्याला आडवळणाने बोलायची सवय. मी एकाला दोन महिने वेगवेगळ्या कारणांनी जेवायला बोलावत होतो आणि त्याला वाटत होतं मला स्वयंपाकाची हौस आहे.

नाही म्हणाला तर? पोटात खड्डा पडेल. तरीही पुढच्या मंगळवारी सरावाला जा. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. एकदा दांडी मारलीस की दुसरी सोपी जाते, आणि मग एका नकारापायी तू चाळीस माणसं घालवून बसतोस. गेलास, त्याला पास दिलास, त्याने झेलला, की निम्मं संपलं. आणि पुन्हा विचारायचं नाही. एकदाच.

ॲपवर संघातले चेहरे दिसणारच. आमच्यातला अलिखित रिवाज असा की दिसलं तरी दिसलं नाही. तिथलं मैदानात आणायचं नाही, मैदानातलं तिथे न्यायचं नाही. कोण कोणाबरोबर गेला याची यादी ठेवणारा एक जण प्रत्येक संघात असतो, त्याच्यापासून जपून राहा.

तब्येतीचं दोन ओळींत सांगतो, कारण घरी कोणी सांगितलेलं नसतं. इंग्लंडमध्ये लैंगिक आरोग्याचे दवाखाने मोफत आहेत, तपासणी गुप्त राहते, तुझ्या विद्यापीठाला किंवा घरी कळत नाही. एचआयव्ही टाळण्यासाठीच्या प्रेप गोळ्याही २०२० पासून तिथे मोफत मिळतात. आणि संघात कोणी एचआयव्हीसह जगत असेल तर दचकू नकोस. वेल्सकडून रग्बीचे शंभर कसोटी सामने खेळलेल्या गॅरेथ थॉमसने २००९ मध्ये आपण गे असल्याचं जाहीर केलं आणि २०१९ मध्ये एचआयव्हीचंही. औषधं चालू असून विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला की तो संबंधातून दुसऱ्याला लागत नाही. मैदानात रक्त आलं तर ते कोणाचंही असो, बाहेर जाऊन पट्टी बांधूनच परत यायचं.

जमलं तर

आधी कप्तानाला सांगा, दोघांनी मिळून. परवानगी मागायला नव्हे. त्याला ते दुसऱ्याकडून कळू नये म्हणून. लपवलेलं प्रेम संघात एक आठवडा टिकतं. आणि कळल्यावर लोकांना प्रेमाचं काही वाटत नाही, 'आम्हाला का नाही सांगितलं' याचंच वाटतं.

तुमच्यापैकी एक जण संघ निवडत असेल तर दुसऱ्याच्या निवडीच्या वेळी त्याने खोलीबाहेर जावं. यात अपमान काही नाही. एकाच संघातली जोडपी वरच्या पातळीवरही असतात. डेन व्हॅन निकर्क दक्षिण आफ्रिकेच्या महिला क्रिकेट संघाची कप्तान असताना तिने २०१८ मध्ये संघातल्याच मरिझान कापशी लग्न केलं, आणि काप ही संघाची पहिल्या फळीची अष्टपैलू. आपल्या मुंबई इंडियन्सकडून खेळणारी नॅट सिव्हर-ब्रंट घे. तिच्या आडनावातलं ब्रंट हे कॅथरीन ब्रंटचं, इंग्लंडच्या माजी वेगवान गोलंदाजाचं. २०२२ मध्ये दोघींनी लग्न केलं. ब्रेबॉर्नवर बसून त्या नावाला टाळ्या वाजवणाऱ्या काकांनी जर्सीच्या पाठीवरच्या त्या जोडरेषेचा कधी विचार केला असेल का, कोण जाणे.

दोघांनी एकमेकांना चिकटून बसू नका. तिसऱ्या हाफला वेगवेगळ्या टेबलांवर बसा. परदेशी टूरला एकच खोली हवी असेल तर आधी सांगा. टूर म्हटलं की आपल्या पासपोर्टचं दुखणं आलंच: २०२४ चा बिंगहॅम कप रोममध्ये होता, ब्रिटिश पोरं तिकीट काढून मोकळी झाली आणि मी शेंगेन व्हिसाच्या तारखेसाठी रात्री बारा वाजता वेबसाइट ताजी करत बसलो होतो. टूर जाहीर झाली की त्याच आठवड्यात अर्ज कर.

फोटो, घर आणि कायदा

क्लबचा फोटोग्राफर दर सामन्याला शंभर फोटो टाकतो. तुझ्या जर्सीवर इंद्रधनुष्य असेल आणि इन्स्टाग्रामवर तुझ्या मावसबहिणी असतील, तर पहिल्याच दिवशी सचिवाला सांग: मला टॅग करू नका. हे ऐकायची त्यांना सवय आहे. पोलंडहून, नायजेरियाहून आलेले गडीही हेच सांगतात. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत संघातला कोणी भेटला तर तू त्याला ओळखतोस ते 'जिममधून', तोवर, जोवर तो स्वतः वेगळं काही म्हणत नाही. दुसऱ्याचं गुपित हे तुझ्याकडे ठेवायला दिलेलं असतं, वाटायला नाही.

घरी सांगायचं की नाही यावर मी सल्ला देत नाही. मी सांगितलं तेव्हा छत्तीस वर्षांचा होतो आणि तोपर्यंत अकरा स्थळांना 'व्हिसाचं बघून सांगतो' म्हणालो होतो. त्या अकरा मुलींची वेळ मी खाल्ली, ते अजून टोचतं. सांगण्याआधी कोणाशी मराठीतून बोलावंसं वाटलं तर मुंबईतल्या हमसफर ट्रस्टचं नाव लक्षात ठेव, जुनी संस्था आहे.

कायदा थोडक्यात. भारतात ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर प्रौढांचे संमतीने असलेले समलिंगी संबंध गुन्हा नाहीत. पण १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी लग्नाचा हक्क मान्य केला नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये असं लग्न मार्च २०१४ पासून होतं. म्हणजे तोच जोडीदार इथे नवरा आणि कऱ्हाडात उतरलं की रूममेट. प्रेमात पडताना कोणी हे बघत नाही, पण घर घेताना, इस्पितळाच्या अर्जावर नाव लिहिताना बघावं लागतं. व्हिसासाठी घाईने लग्न मात्र करू नकोस.

मोडलं तर

याबद्दल कोणी लिहीत नाही, आणि गरज याचीच असते.

मी आणि आमचा एक सेकंड रो, म्हणजे दुसऱ्या रांगेतला उंच गडी, सव्वादोन वर्षं. कारणं सांगत बसत नाही, चूक निम्मी माझी होती. ज्या रविवारी मोडलं त्या रात्री पहिला विचार आला तो हा: आता संघ कोणाकडे राहणार? भांडी वाटून घेता येतात. संघ कसा वाटायचा?

आमच्या क्लबात तोपर्यंत एक पद्धत पडली होती, ती आम्हाला उपयोगी पडली. कोणीच सोडून जायचं नाही. एक जण महिनाभर क्लबच्याच दुसऱ्या संघातून खेळतो, कोण ते कप्तान ठरवतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर अवाक्षर नाही. मित्रांनी दोघांकडेही जायचं, पण एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही. हुकर माझ्याकडे बुधवारी यायचा आणि त्याच्याकडे गुरुवारी जायचा, हे मला पुढच्या वर्षी कळलं.

महिना संपला. शनिवारी दोघांची नावं पहिल्या संघात. लाइनआउटमध्ये, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू परत आत फेकतात तेव्हा, प्रॉपचं काम काय असतं सांगतो: उंच सेकंड रो उडी मारतो, आपण त्याच्या मांड्या धरून त्याला डोक्यावर उचलायचं, तो हवेत चेंडू झेलतो. माझ्या जागेवरून मी ज्याला उचलतो, तो तोच. पहिल्या लाइनआउटला त्याने माझ्याकडे बघितलं नाही, मी त्याच्याकडे बघितलं नाही. इशारा झाला, तो उडाला, माझे हात आपोआप तिथेच गेले जिथे दोन वर्षं जात होते. शंभर किलो वर गेले. त्याने चेंडू घेतला.

नियम असा आहे की चेंडू मिळाला की उडी मारणाऱ्याला लगेच आणि सुखरूप खाली आणायचं. टाकायचं नाही. मी आणला. त्याचे पाय जमिनीला लागल्याचं मला हातांत कळलं, आणि मग सोडला.

"थँक्स," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही चेंडूभोवतीच्या रेटारेटीत घुसलो.